मोटारीच्या टाकीतील शेवटचा पाव हिस्सा

मृत समुद्राच्या काठावरून आरादकडे चढणारा रस्ता आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. समुद्रसपाटीच्या सुमारे ४०० मीटर खाली असलेल्या काठावरून निघून समुद्रसपाटीच्या सुमारे ६०० मीटर वर वसलेल्या आराद शहरी पोहोचावयाचे, आणि तेही अवघ्या पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. वळणामागून वळण, एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, आणि सावलीच्या नावाने एक झुडूपही नाही. गेल्या जुलै महिन्यात याच रस्त्यावर, दुपारी अडीचच्या सुमारास, आमची मोटार बंद पडली. मागील आसनावर आमच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई होत्या. तेथील पाण्याने गुडघ्यांस आराम पडतो अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे आम्ही त्यांस वर्षातून दोनदा तिकडे नेतो.

ग्रार, म्हणजे मोटार ओढून नेणारी गाडी, यावयास दीड तास लागला. तो दीड तास आम्ही विसरणार नाही. वातानुकूलन बंद, मोटारीचे पत्रे हात लागू न देणारे, आणि जवळ पाण्याच्या दोनच बाटल्या. सासूबाई प्रथम ओठांतल्या ओठांत थेहिल्लीम म्हणत होत्या. पुढे तेही ऐकू येईनासे झाले, आणि आमच्या पत्नीचा चेहरा पांढराफटक पडला. सुदैवाने एक अपरिचित कुटुंब थांबले, त्यांनी सासूबाईंस आपल्या थंड गाडीत बसविले, पाणी पाजले, आणि ग्रार येईपर्यंत ती माणसे जागची हलली नाहीत. त्यांची नावे विचारण्याचेही भान आम्हांस राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी बेअर-शेवा येथील ज्या मुसाखात मोटार नेली, तेथील मेखोनाई आपल्याच समाजातील एक वयोवृद्ध गृहस्थ निघाले. तरुणपणी मुंबईस टॅक्सी दुरुस्त करीत. त्यांनी मागील आसन उचलले, दोन तारा तपासल्या, आणि मराठीत विचारले, "मास्तर, तुम्ही टाकी कधी पूर्ण भरता काय?"

आम्ही निरुत्तर झालो. या देशी आल्यापासून पहिली कित्येक वर्षे पगाराचा शेवटचा आठवडा कसा काढावा याचीच विवंचना असे, आणि त्या दिवसांत लागलेली सवय पुढे दिवस बरे आले तरी सुटली नाही. पंपावर जावे, पन्नास शेकेलचे पेट्रोल घालावे, काटा लाल रेघेजवळ आला की पुन्हा पन्नासचे घालावे. हा आम्ही काटकसरीचा प्रकार समजत होतो. आमची खात्री आहे की वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हीच रीत असेल.

"पंप जळाला," ते म्हणाले. "पेट्रोल नुसतं जाळायला नसतं, मास्तर. पंप गार ठेवायलाही तेच असतं. तुम्ही त्याला वर्षानुवर्षं कोरडं ठेवलंत."

हे वाक्य समजून घेण्यासाठी आम्ही नंतर बरेच वाचन केले, त्या गृहस्थांपाशी बसून त्यांस प्रश्न विचारले, आणि जे कळले ते येथे मांडीत आहोत. शिक्षकाच्या सवयीप्रमाणे प्रथम जुन्या व ओळखीच्या वस्तूंपासून आरंभ करू.

आमच्या पिढीतील कोणी घासलेटचा स्टोव्ह विसरला नसेल. टाकीत घासलेट, बाजूस हवा भरण्याचा दट्ट्या, आणि वर निपल, ज्याचे छिद्र डोळ्यांस दिसेल न दिसेल इतके बारीक. पंप मारावा, घासलेट दाबाने वर चढावे, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ व्हावी, ती त्या छिद्रातून जोराने बाहेर पडून हवेत मिसळावी, आणि निळी ज्योत भुरभुरू लागावी. छिद्रात कण अडकला की ज्योत पिवळी पडे, भांड्यांची बुडे काळी होत, आणि आई हाक मारी, "अरे, पिन आण!" मोटारीचे इंधन टाकीपासून इंजिनापर्यंत कसे जाते याचे अर्धे ज्ञान या एका स्टोव्हात आहे. दाब पाहिजे, छिद्र बारीक पाहिजे, हवा पुरेशी पाहिजे, आणि इंधन स्वच्छ पाहिजे. यांतील एक जरी बिघडले तरी ज्योत पिवळी.

उरलेले अर्धे ज्ञान ढेकणांवर व डासांवर औषध मारण्याच्या फ्लिटच्या पंपात सापडते. त्याच्या डबीत औषध, डबीतून वर आलेली एक बारीक नळी, आणि तिच्या तोंडावरून जोराने जाणारी हवा. हवा वेगाने वाहते तेथे तिचा दाब घटतो, म्हणून औषध आपोआप नळीतून वर चढते व फवारा होऊन उडते. जुन्या मोटारींतील कार्ब्युरेटर याच तत्त्वावर चाले. इंजिन हवा ओढून घेई, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाई, आणि तेथे उघडणाऱ्या जेटमधून पेट्रोल ओढले जाऊन तिच्यात मिसळे. शेजारी एक लहान कुंडी असे, आणि पेट्रोलची पातळी कायम राखण्यासाठी तिच्यात तरंगणारा फुगा असे, अगदी आपल्या संडासाच्या फ्लशच्या टाकीतल्यासारखा.

फवारणीच्या या युक्तीचे श्रेय १८९३ साली जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांस दिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच्याही आधी व्हिएन्ना येथे सीगफ्रीड मार्कुस नावाचा एक हरहुन्नरी यंत्रज्ञ पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करण्याच्या खटपटीत होता, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. १८३१ साली जर्मनीतील माल्खिन गावी एका यहुदी कुटुंबात तो जन्मला. १८७०च्या सुमारास त्याने एका हातगाडीवर पेट्रोलचे इंजिन बसवून ती चालविली. त्याची पुढची मोटार १८८८-८९च्या सुमाराची असून ती आजही व्हिएन्नाच्या तंत्रविषयक संग्रहालयात आहे. तिच्यात पेट्रोलमध्ये फिरणारा एक ब्रश आहे, आणि त्या ब्रशावरून उडणारे तुषार हवेत मिसळत. रंगाचा ब्रश झटकला की भिंतीवर शिंतोडे उडतात, तसाच हा प्रकार. १९३८ नंतर नाझींनी त्याचा व्हिएन्नातील पुतळा हलविला, आणि १९४०मध्ये त्यांच्या प्रचार खात्याने ज्ञानकोशांतून मोटारीचा शोधक म्हणून असलेले त्याचे नाव काढून तेथे डाइमलर व बेंझ यांची नावे घालण्याची आज्ञा दिली. युद्धानंतर पुतळा परत उभा राहिला. मोटारीचा शोध एकट्या मार्कुसने लावला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्याचे नाव खोडण्याचे कारण यंत्रशास्त्रातले नव्हते.

आता कार्ब्युरेटरची अडचण काय होती ते पाहू. मुंबईच्या फियाट टॅक्सीतून मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढलेल्या वाचकांस ती आठवेल. वर येता येता गाडी गुदमरे, थांबे, ड्रायव्हर बॉनेट उघडून इंधनाच्या पंपावर ओले फडके टाकी व विडी पेटवून लांब जाऊन बसे. तो पंप इंजिनाला चिकटून बसविलेला असून टाकीतून पेट्रोल ओढून आणी. ओढणाऱ्या नळीत दाब कमी असतो, इंजिनाची धग लागते, आणि पेट्रोल लवकर उकळणारा द्रव असल्यामुळे नळीतच त्याची वाफ होई. वाफेला दाबून पुढे ढकलण्याचे सामर्थ्य त्या पंपात नसे. फडक्याने पंप निवला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई आणि गाडी चालू लागे.

नव्या मोटारींत हा प्रश्न मुळातूनच सोडविला गेला. पंप इंजिनापासून काढून थेट टाकीच्या तळाशी, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला. ओढण्यापेक्षा ढकलणे सोपे, आणि दाबाखाली असलेले पेट्रोल सहसा उकळत नाही. पंपाबरोबर विजेची मोटर पेट्रोलात बुडालेली असते, हे ऐकून आमच्या पत्नीच्या अंगावर काटा आला. मग स्फोट का होत नाही? त्याचे कारण असे की पेट्रोलची वाफ पेटण्यासाठी हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते. टाकीत द्रवाच्या वर वाफ इतकी दाट असते की पेटण्यास हवाच पुरत नाही. धोका टाकीच्या आत नसून बाहेर आहे, जेथे गळलेले पेट्रोल हवेत पातळ होते. याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

त्या बुडालेल्या मोटरीच्या अंगातून व भोवतीने पेट्रोल सतत वाहत असते. तेच तिचे पाणी आणि तेच तिचे वंगण. आता आमच्या वृद्ध मित्राच्या वाक्याचा अर्थ उलगडतो. टाकी भरलेली असता पंप आकंठ बुडालेला असतो आणि त्याची उष्णता तीस-चाळीस लिटर पेट्रोलमध्ये विरून जाते. टाकीत पाच लिटर उरले असता पंप उघडा पडतो, उरलेले थोडके पेट्रोल लवकर तापते, आणि वळणावर वा चढावर ते एका बाजूस गेले की पंपाच्या तोंडी क्षणभर हवा येते. कोरड्या पंपाचे आतील भाग एकमेकांवर घासतात. एका दिवसात काही होत नाही. आमच्या पंपास हे घासणे काही वर्षे सोसावे लागले, आणि शेवटी आरादच्या चढावर, बाहेर बेचाळीस अंश उष्णता असताना, त्याने मान टाकली.

टाकी रिकामी झाली की तळचा गाळ ओढला जातो, असेही लोक म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. पंपाचे तोंड नेहमीच तळाशी असते, टाकी भरलेली असली तरीही. मात्र थोडे पेट्रोल हिंदकळते व गाळ ढवळून काढते एवढे खरे. गाळाच्या गोष्टीवरून आठवले. कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. तेल निवू द्यावे, गाळ खाली बसू द्यावा, वरचे नितळ तेल फडक्यातून गाळून घ्यावे, हे ज्ञान आपल्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या होते. मोटार बनविणाऱ्यांनीही तेच केले आहे. पंपाच्या तोंडाशी एक जाळीची पिशवी असते, आणि पुढे घड्यांच्या कागदाचे गाळणे असते, ज्यास आपले मुसाखवाले मस्नेन देलेक म्हणतात. पूर्वी हे गाळणे मोटारीच्या पोटाखाली, नळीच्या मध्ये असे. अनेक गाड्यांत अजूनही आहे, आणि त्यावर प्रवाहाची दिशा दाखविणारा बाण असतो. पुष्कळ नव्या पेट्रोल गाड्यांत मात्र ते पंपासह टाकीतच बसविलेले असून ते बदलण्याची वेगळी मुदत दिलेली नसते. म्हणून "वीस हजार किलोमीटर झाले, मस्नेन बदला" असे कोणी सरसकट सांगितले तर प्रथम गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडून पाहावे. नेगेवच्या धुळीत राहणाऱ्यांनी पुस्तकात दिलेली मुदत ओलांडू नये, इतकेच आम्ही सुचवितो. डिझेलच्या गाडीस हे गाळणे जास्त जपावे लागते, कारण डिझेलमध्ये उतरलेले पाणीही तेथेच वेगळे करून काढून टाकावे लागते.

गाळण्यातून निघालेले पेट्रोल नळीने पुढे इंजिनापाशी जाते. साध्या पेट्रोल गाडीत त्याचा दाब तीन ते चार बार असतो, म्हणजे चाकातील हवेच्या दाबाच्या दीडपटीच्या आसपास. जेथे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते अशा नव्या गाड्यांत इंजिनावर दुसरा पंप असून तो हाच दाब १०० बारांच्याही पलीकडे नेतो. डिझेलच्या गाड्यांत तर तो २००० बारांपर्यंत चढतो. इतक्या दाबाची बारीक चीर त्वचेतून आत शिरू शकते. म्हणून डिझेलच्या नळीला गळती शोधण्यासाठी कोणीही हात लावू नये.

इंजिनाच्या डोक्यावर एक आडवी नळी असते, आणि तिच्यावर सिलिंडरागणिक एक इंजेक्टर बसविलेला असतो, ज्यांस येथे मझ्रेकीम म्हणतात. इंजेक्टर म्हणजे आपल्या स्टोव्हचे निपलच, मात्र विजेने उघडणारे व मिटणारे. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असता प्रत्येक इंजेक्टर सेकंदास २५ वेळा उघडतो आणि दर वेळी काही सहस्रांश सेकंदच उघडा राहतो. किती वेळ उघडा ठेवावयाचा हे एक लहानसा संगणक ठरवितो. आत येणारी हवा किती, इंजिन थंड की गरम, पाय किती दाबला, हे तो पाहतो, आणि शिवाय धुराच्या नळीत बसविलेल्या एका संवेदकाकडून आपला हिशेब बरोबर आला की नाही हेही तपासून घेतो. हिशेब असा की एक किलो पेट्रोलला सुमारे चौदा किलो सातशे ग्रॅम हवा लागते. वजनाचे आकडे मुलांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही त्यांस मापाने सांगतो, की एक लिटर पेट्रोल नीट जाळावयास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. इंजेक्टर असलेल्या मोटारी काही कालपरवाच्या नव्हेत. १९५४ सालच्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये यांत्रिक इंजेक्शन होते, आणि १९६७ साली बॉशने विजेवर चालणारे इंजेक्शन फोक्सवॅगनच्या गाड्यांत आणले. आपल्यासारख्यांच्या दारी यावयास त्यास आणखी बरीच वर्षे लागली. आपल्या वडीलधाऱ्यांनी येथे घेतलेल्या पहिल्या सुबारू गाड्यांना कार्ब्युरेटरच होता, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढून तो परत ढकलण्यास विसरलेला मनुष्य साऱ्या इमारतीस पेट्रोलच्या वासाने जागे करी.

आता आमच्या एका दुःखाची गोष्ट. मोटार आरादच्या चढावर बंद पडली ती अकस्मात पडली असे नाही. तिने चार महिने आधी सूचना दिली होती. चढावर वातानुकूलन चालू असता ती दम टाकी, समोरचे वाहन ओलांडताना गचके देई, आणि मागील आसनाखालून एक बारीक किणकिण ऐकू येई, जी सासूबाईंनी प्रथम ओळखली. "मागे कोणी तंबोरा लावतंय का?" असे त्या म्हणाल्या होत्या आणि आम्ही हसलो होतो. आम्ही गाडी एका मुसाखात नेली. तेथे त्यांनी चारही प्लग बदलले, इंजेक्टर धुतले म्हणून सांगितले, आणि बाराशे शेकेल घेतले. गचके आठवडाभर कमी वाटले, कदाचित बाराशे शेकेल दिल्यामुळे. इंधनाचा दाब मात्र कोणी मोजला नाही. इंजिनावरील त्या आडव्या नळीस दाबमापक लावणे हे बहुतेक गाड्यांत थोडक्या मिनिटांचे काम आहे, आणि पंप मरावयास टेकला आहे की नाही हे बहुधा तेथेच कळते. आमच्याजवळ प्रश्न विचारण्यापुरतेही शब्द नव्हते, हा आमचा दोष. म्हणून ते शब्द येथे देतो. लाखात्स म्हणजे दाब, मश्एवत देलेक म्हणजे इंधनाचा पंप. "लाखात्स मोजला काय, आणि आकडा किती आला?" एवढे शांतपणे विचारावे आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. प्रामाणिक मेखोनाईस याचा राग येत नाही.

काही लक्षणे घरबसल्या ओळखता येतात. किल्ली इंजिन सुरू होण्याच्या अलीकडच्या खुणेपर्यंत फिरविली असता मागून दोन सेकंद गुणगुण ऐकू येते आणि ती थांबते. पंप दाब भरून ठेवतो त्याचा हा आवाज. काही गाड्यांत दार उघडताच तो येतो. तो आवाज मुळीच येत नसेल तर फ्यूज किंवा रिले प्रथम पाहावा, कारण पंपापेक्षा ते पुष्कळ स्वस्त असतात. अपघातानंतर किंवा जोराच्या धक्क्यानंतर पंप आपोआप बंद करण्याची सोयही असते, आणि काही गाड्यांत ती एका बटणाने पूर्ववत करावी लागते.

दुसरे लक्षण आपल्या घरांत विशेष दिसते. शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी शब्बाथ संपल्यावर सुरू करावयास गेले की स्टार्टर बराच वेळ फिरतो आणि मग इंजिन पेट घेते. एरवी रोज मात्र ती लगेच सुरू होते. गाडी उभी असताना नळीतील दाब टिकून राहावा म्हणून पंपात एक झडप असते. ती सैल झाली अथवा एखादा इंजेक्टर थेंब गाळू लागला की पंचवीस तासांत दाब उतरतो. अशा वेळी किल्ली इंजिन सुरू होण्याच्या अलीकडच्या खुणेपर्यंत न्यावी, दोन सेकंद थांबावे, परत आणावी, पुन्हा न्यावी, आणि मग सुरू करावी. या युक्तीने गाडी झटकन सुरू झाली तर दुखणे दाब टिकण्याचे आहे असे समजावे. ही तात्पुरती सोय आहे. इंजेक्टर गळत असेल तर कच्चे पेट्रोल सिलिंडरात उतरून इंजिनाचे तेल पातळ करते, म्हणून तपासणी करून घ्यावीच.

मुंबईस वा अलिबागकडे दोन-तीन महिने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी टाकी बऱ्यापैकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेत ओलसर हवा राहते व तिचे पाणी होते. त्याहून जास्त काळ पेट्रोल साठवू नये, कारण त्यातील हलका अंश उडून जातो व उरलेल्याचा चिकट थर जमतो. टाकी साफ करणाऱ्या औषधांच्या बाटल्यांविषयी आम्हांस वारंवार विचारले जाते. जुन्या पद्धतीच्या इंजेक्टरांस त्यांतील काहींचा थोडा उपयोग होतो. ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते तेथे ते आत येणाऱ्या हवेच्या झडपांस स्पर्शच करीत नाही, तेव्हा त्या झडपा बाटलीने स्वच्छ होतील ही आशा व्यर्थ आहे. आणि मेलेला पंप कोणत्याही बाटलीने उठत नाही.

पंपावर पेट्रोल भरताना नळी आपोआप टक् करून थांबली की थांबावे. रक्कम पुरी करण्यासाठी आणखी थेंब घालण्याची सवय अनेकांस असते. टाकीतील वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या एका डबीत शोषून घेतली जाते, आणि वर घातलेले पेट्रोल त्या डबीत जाऊन ती निकामी करते. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल घातले गेले तर किल्ली फिरवूच नये, गाडी ढकलून बाजूस घ्यावी. डिझेल हेच त्या पंपाचे वंगण असते आणि पेट्रोल ते धुऊन काढते. किल्ली फिरविली नसेल तर टाकी उपसण्यावर भागते. फिरविली तर खर्च अनेकपटींनी वाढतो.

आणि आता तो बाहेरचा धोका. मोटारीजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला तर "काल भरले होते म्हणून येत असेल" असे म्हणून सोडून देऊ नये. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या या देशाच्या उन्हाने तडकतात, आणि दाबाखालील बारीक गळती तापलेल्या इंजिनावर तुषार होऊन पडते. वास आला की इंजिन बंद करावे, माणसे उतरवावीत, आणि गाडी ओढून न्यावी. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी स्वतः गाळणे बदलण्यासाठी नळी सोडली आणि आतील दाबाने पेट्रोल त्यांच्या तोंडावर उडाले. शेजारी काही पेटलेले नव्हते म्हणून ते डोळ्यांच्या जळजळीवर निभावले. इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब असतोच. तो कसा उतरवावयाचा हे ज्यास ठाऊक नाही त्याने तेथे हात घालू नये. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची जुनी रीत तर पूर्णपणे टाकून द्यावी. फुप्फुसात गेलेला एक घोटही प्राणावर बेतू शकतो.

आमच्या गाडीची टाकी उतरवून त्या वृद्ध मित्रांनी पंप, जाळी व गाळणे नवे घातले आणि जुना पंप आमच्या हाती दिला. त्याची जाळी तपकिरी झाली होती. तो आम्ही वर्गात नेला, मुलांनी तो उघडून पाहिला, आणि झिजलेल्या चकतीवरील काळे चरे त्यांस आमच्या कोणत्याही फळ्यावरील आकृतीपेक्षा चांगले कळले.

हनुक्काच्या सुटीत आम्ही पुन्हा मृत समुद्राकडे गेलो. जाताना आरादला पंपावर थांबलो. सासूबाई मागच्या आसनावरून पुढे वाकल्या आणि चष्मा सारखा करून म्हणाल्या, "जावईबापू, काटा कुठवर आला?" आम्ही सांगितले, अर्ध्याच्या वर आहे. त्या म्हणाल्या, "मग उतरा आणि भरा."